‘बागेत दिव्यांग येतातच कुठे?’ या दाव्याचा प्रतिवाद

गोव्यातील व्हॉट्सॲप समूहांवर सध्या एक संदेश फिरत आहे. बागांमध्ये दिव्यांग क्वचितच दिसतात, म्हणून तेथे त्यांच्यासाठी खर्च करणे व्यर्थ आहे. फाटकाशी एक रॅम्प बांधला की कायदा पाळला जातो. आणि दुचाक्या रोखणारे खांब हटवता येणार नाहीत, असे त्यात म्हटले आहे.

दिव्यांग दिसत नाहीत, याचा अर्थ ते नाहीत असा होत नाही. 2011 च्या जनगणनेत गोव्यात त्यांची संख्या 33,012 होती. शिवाय जानेवारी 2023 मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरला, तेव्हा वावरण्याची सोय केलेली असल्यामुळे देशभरातून दिव्यांग आले होते.

रॅम्पचा मुद्दा अधिक बारकाईने पाहायला हवा. एक फूट चढायचे असेल, तर 1:12 या प्रमाणाने रॅम्प किमान बारा फूट लांब लागतो. जागा वाचवण्यासाठी तो चार फुटांत उरकला, तर व्हीलचेअर मागे कलंडण्याचा धोका असतो आणि मागून ढकलणाऱ्यालाही ती आवरत नाही. रॅम्प संपल्यावर पुढे खडी किंवा उखडलेले पेव्हर असतील, तर आत जाऊन करायचे काय? आपल्याकडे पावसाळ्यात चिऱ्यांच्या पायवाटेवर शेवाळ धरते. तेथे कुबडी घेऊन चालणारा माणूस हमखास घसरतो. म्हणून पाण्याचा निचरा, खडबडीत फरशी, कठडा, अंधांसाठी स्पर्शपट्ट्या आणि व्हीलचेअर आत वळवता येईल असे शौचालय, हे सगळे एकाच कामाचे भाग आहेत.

कायद्याबद्दल थोडक्यात सांगायचे, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येत करमणुकीच्या वास्तूही येतात. अस्तित्वातील इमारती सुगम करण्याची, जून 2017 मध्ये नियम अधिसूचित झाल्यापासूनची पाच वर्षांची मुदतही केव्हाच उलटली आहे.

खांबांच्या युक्तिवादात मात्र तथ्य आहे, कारण व्हीलचेअरला लागणाऱ्या नव्वद सेंटिमीटरांच्या फटीतून स्कूटरही जाऊ शकते. परंतु त्यावर उपाय रखवालदार आणि दंड हा आहे. चार बेशिस्त स्वारांसाठी फट इतकी अरुंद करणे, की व्हीलचेअरवरील मूल बाहेरच राहावे, हा उघड अन्याय आहे. नगरपालिकांनी बागेच्या कामाचे अंतिम बिल चुकते करण्यापूर्वी व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीला फाटकापासून शौचालयापर्यंत स्वतः जाऊन पाहू द्यावे आणि तिने दाखवलेल्या त्रुटी कंत्राटदाराकडून दूर करून घ्याव्यात.