पिटलॉक्रीत मासा बघणे

एडिनबर्गला राहायला आल्यापासून आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना पिटलॉक्रीला न्यायचं हे ठरलेलंच आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाच्या, हायलँड्सच्या, तोंडाशी एवढंसं गाव, एकच मेन रोड, त्यावर लोकरीचे मफलर, शॉर्टब्रेड, आइस्क्रीम यांची दुकानं आणि माणसांनी भरभरून येणाऱ्या टूरिस्ट बसेस. यंदा आईबाबा रत्नागिरीहून आलेले. बाबांना डोंगर, किल्ला, व्हिस्की कशातच इंटरेस्ट नाही, पण तिथल्या धरणाला सॅल्मन माशांसाठी जिना केलाय असं मी बोलून गेलो आणि संपलंच.

"सॅल्मन म्हणजे आपला रावस ना रे?"

"नाही हो बाबा, रावसाला इंग्लिशमध्ये इंडियन सॅल्मन म्हणतात तेवढंच."

"मग तेच की."

टमेल नदीवरचं हे धरण १९५१ मध्ये पूर्ण झालं. समुद्रातून अंडी घालायला वर परतणाऱ्या माशांची वाट अडली, म्हणून बाजूने ३१० मीटरचा जिना काढला, एकाच्या वर एक अशा ३४ टाक्या, त्यातल्या तीन मोठ्या, मासे दमले तर टेकायला. बाबांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहराच उजळला. "अरे हे तर गणपतीला निघालेले चाकरमानी! मध्ये वडखळला थांबतात बघ."

आता चाकरमानी दिसायला हवेत ना. पोचलो तेव्हा संध्याकाळ, नुकताच पाऊस पडून गेलेला, वारा पडलेला. म्हणजे मिजेसचा मुहूर्त. मिज म्हणजे चिलटच, पण चावरं. वारा सुटला की त्याला उडता येत नाही, नसला की ढगच्या ढग. बाबा म्हणाले, आम्ही कोकणातली माणसं, चिलटांना कोण भितो. पाचव्या मिनिटाला टोपी, दहाव्याला आईची ओढणी त्यांच्या डोक्यावर, आणि त्यातूनही एक डोळा बाहेर काढून पाण्याकडे टक लावून बसलेले.

"यांच्यात फक्त माद्या चावतात म्हणे," मी आपलं ज्ञान दिलं.

"मग नर काय करतात, व्हॉट्सॲप?" आई खाजवत म्हणाली.

पाऊण तास झाला. मासा नाही. मग मी तिथली पाटी नीट वाचली (जी पाऊण तास आधी वाचायला हवी होती) तर त्या टाक्या पाण्याखालच्या पाइपांनी जोडलेल्यात, मासे आतल्या आत वर सरकतात. आम्ही आपले उडी कधी मारतोय म्हणून ताटकळलेलो. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "असू दे, आहे ना आत," आणि फोटो काढला, नुसत्या काळ्या पाण्याचा.

गाडीत सगळ्यांच्या कपाळावर गांधी. बाबांनी फोटो गावच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "रावस, स्कॉटलंड." मिनिटभरात काकांचा मेसेज, मासा कुठाय?

"आत आहे," बाबांनी एका बोटाने टाइप केलं आणि दुसऱ्या हाताने मान खाजवली.