बदाम-पनीर नसेल तर प्रथिनं नाहीत? खुलासा
सध्या एक मेसेज फिरतोय: ‘पनीर, बदाम, प्रोटीन पावडर परवडत नसेल तर शाकाहारात प्रथिनं मिळतच नाहीत, बी-१२ जीवनसत्त्वसुद्धा नाही. डाळ-भाकरीने नुसतं पोट भरतं.’

प्रथिनांबद्दलचं हे म्हणणं चूक आहे. शंभर ग्रॅम कोरड्या मटकीत किंवा हरभऱ्यात साधारण २० ते २४ ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यात २५ च्या आसपास, सोयाबीनच्या वड्यांत ५०. पनीरमध्ये १८-२०. मात्र हे आकडे कोरड्या मालाचे. मटकी भिजून, शिजून फुगते, त्यामुळे शंभर ग्रॅम उसळीला ते लावू नयेत. (मेसेज खोडणारेही ही गफलत सर्रास करतात.) ६० किलोच्या निरोगी माणसाला दिवसाला ५० ग्रॅम प्रथिनं पुरतात.

ज्वारी-बाजरीत लायसिन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक) कमी असतं, ती उणीव कडधान्यं भरून काढतात. भाकरी आणि पिठलं एकाच ताटात हवं असंही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की झालं.

बी-१२ चं मात्र बरंचसं बरोबर आहे. ते डाळीत नसतं. दूध-दह्यातून थोडं मिळतं. तेही खात नसाल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या.