टिंबानं खाल्लेलं गायरान

आमच्या गावाचं गायरान शेळ्यांनी खाल्लं नाही, पुढाऱ्यांनी खाल्लं नाही (म्हंजे खाल्लं, पण पुरतं नाही), ते खाल्लं एका टिंबानं. जुन्या कागदात 18 हेक्टर 40 आर, आन कॉम्प्युटरच्या सातबाऱ्यावर 1.84. डाटा एंट्री करताना कुणाचं तरी बोट एक घर अलीकडं पडलं असंल, साडेपंचेचाळीस एकराचं साडेचार एकर झालं आन कैक वर्षं कुणाला पत्ताच नाही, कारण मालकाच्या जागी सरकार, आन सरकार स्वतःचा सातबारा काढून कशाला बघतंय.

मला कळलं ते ग्रामपंचायतीचा मेंबर झालो म्हणून. रोजगार हमीतून गायरानात मारवेल गवत लावायचं होतं. अर्जात क्षेत्र टाकलं की लाल अक्षरात 'क्षेत्र नोंदीपेक्षा जास्त आहे'. मी तीनदा टाकलं, नेटकॅफेवाल्या पोरानं तीनदा टाकलं, मग लाईट गेली.

गेलो तलाठ्याकडं. त्यांचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात तलाठी आप्पाच. आप्पा म्हणले, "लेखन प्रमाद हाय, म्हंजे लिवण्यातली चूक, जमीन महसूल कायद्याच्या कलम 155 खाली ऑनलाइन अर्ज टाका." मला वाटलं झालं काम. अर्ज उघडला तर पयलाच रकाना, खातेदाराचा आधार नंबर, वर लाल चांदणी, भरल्याबिगर पुढं सरकत नाही. आता गायरानाचं आधार कुठून आणू? माझ्या उस्मानाबादी शेळीच्या कानात बारा आकडी बिल्ला हाय, तिची लस, तिचं वय सगळं सरकारच्या कॉम्प्युटरात हाय, पण ती जिथं चरते त्या जमिनीला ओळखच नाही.

शेवटी कागदी अर्ज घेतला, पण जुना पुरावा मागितला. 1954-55 चं खासरा पत्रक, म्हंजे जमिनीच्या नोंदीचा जुना कागद, निघालं, त्याच्या मागं निजामाच्या काळातला उर्दू कागद. वाचणारं गावात एकच, अण्णा, वय नव्वदीच्या पुढं, उर्दू शाळेत चौथी. 2023 ला कुणबी नोंदी शोधायच्या गडबडीत उर्दू-मोडी वाचणाऱ्यांना जो भाव आलता, तवापासून अण्णा चहाबिगर चष्मा लावत नाहीत. दोन कप झाले, मग वाचलं, पंचेचाळीस एकर एकोणीस गुंठे. हिशेब गुंठ्याला गुंठा जुळला.

मी खुशीत घरी आलो तर दारात चुलते. त्यांची सोयाबीन गायरानात, बारा-तेरा वर्षं झाली. हातात 15 रुपयाचा डिजिटल सातबारा. "पुतण्या, गायरान किती? साडेचार एकर. त्यात शाळा, पाण्याची टाकी, स्मशानभूमी, घरकुलं. संपलं गायरान. मग माझी सोयाबीन गायरानात कशी काय?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगतो, असा वकील अख्ख्या तालुक्यात नाही.

आप्पाला सांगितलं तर त्यांनी गाव नमुना 1-ई काढला, ही अतिक्रमणाची नोंदवही. बेरीज केली, 5 हेक्टर. म्हंजे 1.84 हेक्टर जमिनीवर 5 हेक्टर अतिक्रमण, माणसं काय माळ्यावर माळा टाकून पेरायलेत का? आप्पानं हळूच रजिस्टर मिटलं आन चहा सांगितला. या कामात मी जेवढा चहा पेलो तेवढ्या दुधात एक म्हैस आली असती.

आठ महिन्यांनी आदेश आला. टिंब दुरुस्त केलं होतं, मान्य. पण टाइप करणाऱ्यानं लिवलं '18 एकर 40 गुंठे'. अण्णांना दाखवला तर हसून हसून कवळी हातात आली. "आरं चाळीस गुंठ्याचाच एकर होतोय, हे निजामाच्या चपराशाला बी ठाव होतं!" चुलते मात्र गंभीर, बोटं मोजायलेत, "म्हंजे एकोणीस एकर... मग माझी सोयाबीन बसती का न्हाई त्यात?"

आता पुन्हा 155. ह्या वेळी म्हणले कागदी अर्ज बंद, ऑनलाइनच टाका. रात्री अकराला साइट जरा हलकी असती म्हणून गोठ्यातच बसलो मोबाईल घेऊन, तिथं रेंज येती. पुन्हा तोच आधारचा रकाना. समोर शेळी रवंथ करायलती, कानात पिवळा बिल्ला. आकडे मोजले, बाराच. टाकले.

हिरवी बरोबरची खूण आली. पुढचं पान उघडलं. आता ओटीपी मागायलंय.