हिरव्या करीवर तर्री दिसली पाहिजे

चार-सहा टेबलांच्या स्वस्त थाई हॉटेलात जेवण फसलं की लोक म्हणतात, ‘एवढ्या पैशात अजून काय मिळणार?’ मला हे अजिबात पटत नाही. कच्ची पपई, चिंच, गूळ, शेंगदाणे, गवती चहा हे सगळं आपल्या नागपूरच्या बाजारात मिळतं. जेवण बिघडतं ते क्रम चुकल्यामुळे. आणि काही वेळा आपण चुकीचं मागवल्यामुळे.

सावजी रस्सा समोर आला की नागपूरकर आधी तर्री बघतो. हिरव्या करीलाही तीच परीक्षा लावा. नारळाच्या दुधाच्या डब्यात वर जमलेली घट्ट साय आधी कढईत घालून तेल सुटेपर्यंत आटवायची, त्या तेलात करीची पेस्ट परतायची आणि उरलेलं पातळ दूध नंतर घालायचं. 400 मिलीच्या डब्याला 50 ते 60 ग्रॅम पेस्ट लागते. असं केलं की रश्श्यावर हिरवट तेलाचे थेंब तरंगतात. घाईत सगळं दूध एकदम ओतून त्यात पेस्ट कालवली की मिरची-लसणाचा कच्चा वास राहतो, आणि मग दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर येतं. रस्सा खळीसारखा एकसंध ओघळत असेल तर समजून जा. काही डब्यांतल्या दुधात स्थिर ठेवणारे पदार्थ असतात, त्यामुळे आटवलं तरी तेल सुटतच नाही. तिथे चमचाभर तेलात पेस्ट परतणारा आचारी बरोबरच करतोय.

एक उन्हाळ्याची गोष्ट. उघडलेलं नारळाचं दूध आपल्या मे महिन्यात बाहेर राहिलं तर काही तासांत आंबतं. लिंबू नसलेली करी आंबट लागली तर ती परत पाठवा, संकोच करू नका.

पाद थाई, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या नूडल्स. हे नाव माहीत असतं म्हणून सगळे तेच मागवतात, आणि सगळ्यात जास्त तेच फसतं. तांदळाच्या नूडल्स उकळायच्या नसतात. साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवून, वाकतील पण आत थोड्या कडक राहतील अशा काढायच्या. उरलेलं शिजणं कढईत, चिंच, गूळ आणि फिश सॉसच्या पाण्यात होतं. छोट्या किचनमध्ये बहुतेक एकच मोठी शेगडी असते. चार प्लेट एकदम सांगितल्या की कढई थंड पडते, नूडल्स परतल्या न जाता वाफेवर शिजतात आणि गोळा होतो. म्हणून दोन प्लेट आधी सांगा, दोन नंतर. रंग फिकट तपकिरी हवा. लालभडक असेल तर चिंचेऐवजी केचप पडलंय.

स्वस्त हॉटेलात माझं पहिलं मत सोम तामला, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीला. खलबत्त्यात आधी लसूण-मिरची, मग गूळ, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, लिंबू, आणि शेवटी पपई. तीसुद्धा कुटायची नाही, नुसती चेचायची. बारीक किसणीवर किसलेली पपई लगेच पाणी सोडते, सुरीने काढलेल्या लांब काड्या कुरकुरीत राहतात. आली की दहा मिनिटांत संपवा.

तोम याम या आंबट-तिखट सूपमध्ये लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं, उकळलं की कडवट होतं. त्यातले गवती चहाचे दांडे, कुलिंजनाच्या (आल्यासारख्या मुळाच्या) चकत्या आणि लिंबाची पानं चावायची नसतात. कढीपत्त्यासारखी बाजूला काढायची. आपण चहात पात घालतो, इथे मात्र बुडाकडचा पांढरा दांडा लागतो. सुगंध नसेल तर बहुधा नुसती पात वापरलेली असते.

शाकाहारींनी ‘व्हेज आहे ना?’ एवढंच विचारून थांबू नये. भाज्या असतात, पण अनेक तयार पेस्टमध्ये कोळंबी असते, आणि फिश सॉस तर मिठासारखा पडतो. पेस्टच्या डब्यावर हिरवा ठिपका आहे का आणि फिश सॉसऐवजी काय घालता, हे दोन प्रश्न विचारा. सोया सॉस आणि मीठ हे उत्तर चालेल.

भात बासमती नको. थाई जास्मिन भात मऊ, जरा चिकट असतो, रस्सा धरून ठेवतो. तो परवडत नसेल तर आपला भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ त्याला जास्त जवळचा. मला वाटतं इथल्या थाई हॉटेलांनी तो बिनधास्त वापरावा.

पदार्थ मधे ठेवून वाटून घ्या. ताटात भात, त्यावर एका वेळी दोन चमचे करी. सगळी वाटी ओतली की भात गिळगिळीत होतो. खायला चमचा, आणि काटा फक्त ढकलायला. चॉपस्टिक मागायची गरज नाही, थायलंडमध्ये त्या मुख्यतः सूपातल्या नूडल्ससाठी असतात. नूडल्स मागवल्या तर मात्र सुकी मिरची, साखर, व्हिनेगरमधली मिरची आणि मिरची घातलेला फिश सॉस अशा चार वाट्या मागून घ्या. आधी चव बघा, मग घाला.