गोळी चालू, टीएसएच नॉर्मल, तरी अंगात त्राण नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमचा राग असा आहे की मागच्या लेखात मी थायरॉइडची गोळी कधी आणि कशी घ्यायची यावर भरभरून लिहिलं, पण गोळी नीट घेऊनही जिला बरं वाटत नाही तिच्यासाठी एक ओळ लिहिली नाही. तुमची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे, टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा) ३.१ येतो, डॉक्टर ‘नॉर्मल आहे’ म्हणून कागद परत देतात. केस गळणं, थकवा, सकाळी उठवत नसणं मात्र होतं तसंच आहे. खरा इलाज टी३ (थायरॉइड ग्रंथीचंच दुसरं संप्रेरक) आहे, तो लपवला जातो आणि माझ्यासारख्या मेडिकलवालीला बाटली खपल्याशी मतलब, असंही तुम्ही लिहिलंय.

बाटलीचं आधी उरकते. हे औषध सरकारी दरनियंत्रणात आहे. त्यात आम्हाला काय सुटतं ते कळलं तर तुम्हीच मला चहा पाजाल.

तुमचा मूळ मुद्दा खरा आहे. टीएसएच जागेवर येऊनही लक्षणं जात नाहीत असे रुग्ण असतात, शंभरात पाच ते दहा असं सर्वसाधारणपणे धरतात. त्यामुळे ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून तुम्हाला कुणी वाटेला लावत असेल तर ते चूकच. पण तिथून तुम्ही थेट टी३वर उडी मारता, ते मला पटत नाही.

‘वेळेची कटकट म्हणजे सगळा दोष रुग्णाच्या माथी’, असं तुम्ही म्हणता. काउंटरच्या या बाजूने मला वेगळं दिसतं. एकाच पिशवीत तीन चिठ्ठ्या असतात. थायरॉइडची गोळी फिजिशियनची, कॅल्शियम हाडांच्या डॉक्टरांचं, लोह स्त्रीरोगतज्ज्ञांचं. शिवाय अॅसिडिटीची कॅप्सूल स्वतःच्या मनाने घेतलेली. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेली नसते. कॅल्शियम आणि लोह आतड्यात ही गोळी धरून ठेवतात, म्हणून मध्ये चार तास हवेत. अॅसिडिटीच्या औषधाने जठरातलं आम्ल घटतं आणि गोळी नीट शोषली जात नाही. यात बाईचा काय दोष? तिला कुणी सांगितलेलंच नसतं. सकाळचा चहा अर्धा-पाऊण तास लांबवणं आपल्या घरांत किती अवघड आहे तेही मला माहीत आहे. नेदरलँड्समधल्या २०१०च्या एका अभ्यासात रात्री झोपताना गोळी घेणाऱ्यांचे रिपोर्ट सकाळपेक्षा चांगले आले होते. पण त्यासाठी जेवणानंतर तीन तास तरी जायला हवेत, आणि साडेदहाला ताटं उचलणाऱ्या घरात ते कसं जमायचं?

आता तुमच्या ३.१कडे येते. केस गळतात म्हणून तुम्ही बायोटिन हे जीवनसत्त्व घेता का? केसांच्या बहुतेक गोळ्यांमध्ये, गमीजमध्ये ते भरपूर असतं. त्याने थायरॉइडला काही होत नाही, पण प्रयोगशाळेतल्या काही तपासण्या चकतात. टीएसएच खोटा कमी दिसतो, टी४ (तुमच्या गोळीत असतं ते संप्रेरक) खोटा जास्त. म्हणजे खरा आकडा ३.१हून वर असू शकतो आणि तुमचा डोस प्रत्यक्षात अपुरा असू शकतो. तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवायचं, डोस मोठा असेल तर आणखी आधीपासून. त्या सकाळची थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची.

आकडा खरा निघाला तर डॉक्टरांशी बोलून डोस थोडा वाढवून पाहता येतो. मात्र शरीरातलं निम्मं औषध जायलाच सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे नव्या डोसचा खरा रिपोर्ट सहा ते आठ आठवड्यांनी कळतो. पंधराव्या दिवशी तपासून ‘काही फरक नाही’ म्हणणं म्हणजे पैसे वाया. आणि बरं वाटावं म्हणून टीएसएच तळाला नेऊन ठेवला तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात. पाळी गेलेल्या बायकांनी हे जास्तच जपायला हवं.

दुसरी शक्यता तुम्हाला आवडणार नाही. थकवा थायरॉइडचा नसेलच तर? २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत पासष्टीपुढच्या, टीएसएच जरासाच वाढलेल्या ७३७ जणांपैकी निम्म्यांना ही गोळी दिली, निम्म्यांना नुसती साखरेची. वर्षभराने थकव्यात फरक नव्हता. आपल्याकडे मुंबई-गोव्यासह आठ शहरांत झालेल्या पाहणीत ५,३७६ प्रौढांपैकी जवळजवळ ११ टक्क्यांना थायरॉइड कमी पडण्याचा आजार आढळला. इतका सर्रास आजार असला की त्याच्यासोबत दुसरंही काही असणं ओघानेच आलं. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेलं असू शकतं, आणि केस व थकवा दोन्हीला तेवढं पुरतं. बी१२ तर पाहाच, कारण थायरॉइडवर उलटलेली प्रतिकारशक्ती कधीकधी जठरावरही उलटते. साखर, झोपेत घोरताना श्वास अडकणं, पाळी जाण्याचा काळ, नैराश्य, हेही तपासून घ्यावं लागतं.

मग टी३. तुमच्या म्हणण्याला शास्त्राचा आधार आहे. निरोगी ग्रंथी थोडं टी३ स्वतः तयार करते, गोळीत फक्त टी४ असतं, बाकीचं रूपांतर शरीरावर सोडलेलं. तरी दोन्ही एकत्र देऊन केलेल्या बहुतेक चाचण्यांत सरासरी फायदा दिसला नाही. काही रुग्णांनी मात्र जोडगोळीच पसंत केली. म्हणूनच युरोपीय थायरॉइड संघटनेने २०१२मध्ये, बाकी सगळं तपासून झाल्यावर, तज्ज्ञाच्या देखरेखीत ती करून पाहायला वाव ठेवला, आणि तीन महिन्यांत फरक नसेल तर बंद करा असंही सांगितलं. यात लपवाछपवी कुठे आहे? टी३ रक्तात झपाट्याने चढतं आणि उतरतं, धडधड वाढते. हृदयाचा त्रास असेल किंवा गरोदरपण असेल तर तो नाद नको. ‘थायरॉइड सपोर्ट’ म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल तर मी माझ्या दुकानात ठेवतच नाही. आत काय आहे तेच कळत नाही.

जुन्या फाइलमध्ये गोळी सुरू होण्याआधीचा टीएसएच किती होता ते शोधा. तो १५-२० होता की पाच-सहा, यावर पुढचं बरंच ठरतं; पाच-सहाच असेल तर थकव्याचं कारण दुसरं असू शकतं. तो कागद, बायोटिनचं उत्तर आणि फेरिटिनचा रिपोर्ट घेऊन एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (संप्रेरकांच्या डॉक्टरांकडे) जा आणि टी३बद्दल सरळ विचारा. तिथे हो किंवा नाही म्हणणं मेडिकलवालीचं काम नाही.