जेलिकोने पाठ दाखवली नव्हती

पहिल्या महायुद्धात ३१ मे १९१६ ला ब्रिटिश आणि जर्मन आरमारांत झालेल्या जटलंडच्या लढाईबद्दल एक मजकूर बराच फिरतोय. दावा असा, की ब्रिटिश आरमाराचा सेनापती जॉन जेलिको टॉर्पेडोंना घाबरून पळाला, रात्री त्याने जर्मनांना निसटू दिलं आणि ब्रिटन हरलं. एका कसलेल्या दर्यावर्दीवर हा सरळ अन्याय आहे.

आधी पळण्याचं बघू. संध्याकाळी सहाच्या सुमाराला, धुरात नि धुक्यात, शत्रू नेमका कुठे आहे हे जेलिकोला कोणी धड सांगत नव्हतं. पुढे गेलेल्या ब्रिटिश ताफ्याचा प्रमुख बीटी, त्याला विचारूनही नीट उत्तर येईना. तरी सव्वासहाला त्याने सहा रांगांतल्या चोवीस युद्धनौका डावीकडे वळवून एका ओळीत आणल्या, थेट जर्मनांच्या वाटेत आडव्या. पुढच्या तासाभरात जर्मन सेनापती शेएरला अख्खं आरमार दोनदा माघारी फिरवावं लागलं. मग पळत कोण होतं?

जेलिको वळला तो त्यानंतर, जर्मन टॉर्पेडो-बोटी चालून आल्यावर. असा हल्ला आला की दूर वळायचं, हे त्याच्या लेखी आदेशांतच होतं. माघार घेणाऱ्या शत्रूमागे सुरुंग-पाणबुड्यांच्या सापळ्यात जाणार नाही, असं त्याने १९१४ मध्येच ॲडमिरल्टीला, म्हणजे लंडनमधल्या आरमाराच्या मुख्य कचेरीला, कळवलं होतं आणि ॲडमिरल्टीने ते मान्यही केलं होतं. वळल्यामुळे संपर्क तुटला, हे खरं. पण टॉर्पेडो एकही लागला नाही. हे आरमार बुडालं असतं तर ब्रिटनने जर्मनीची केलेली नाकेबंदी तिथेच संपली असती.

रात्रीचं खापर तर लंडनवर फुटायला हवं. शेएरने पहाटेच्या टेहळणीसाठी डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळच्या हॉर्न्स रीफवर झेपलिन (हवाई जहाजं) मागवल्याचा संदेश तिथे पकडला गेला होता. म्हणजे परतीची वाट उघड झाली होती. तो जेलिकोला कळवलाच नाही. त्यातच शेएर अजून बंदरात आहे असं ॲडमिरल्टीने दुपारी कळवलेलं, तेव्हा रात्री तिने कळवलेल्या जर्मनांच्या दिशेवर जेलिकोचा विश्वास बसला नाही. मागच्या काही जहाजांना जर्मन युद्धनौका दिसल्या, तरी ती जहाजंही गप्प राहिली. प्रत्येक बारीकसारीक गोष्टीचा आदेश देणाऱ्याच्या हाताखाली माणसं स्वतःहून बोलेनाशी होतात; हा दोष मात्र मी जेलिकोचाच मानतो.

उरला पराभव. ब्रिटनची १४ जहाजं आणि ६,०९४ माणसं गेली, जर्मनांची ११ जहाजं आणि २,५५१ माणसं. पण २ जूनच्या रात्री जेलिकोचं आरमार चार तासांच्या सूचनेवर पुन्हा निघायला तयार होतं. आणि ४ जुलैला शेएरनेच कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला, लिहिलं, की समुद्रावरच्या लढाईत कितीही यश आलं तरी इंग्लंड तहाला येणार नाही, पाणबुड्याच वापराव्या लागतील.