उमरेडच्या कोळशात डायनासोर शोधणाऱ्यांसाठी

खाणीचा फोटो लावलेला एक मेसेज नागपूरच्या ग्रुपांवर पुन्हा फिरतोय: ‘प्रलयात डायनासोर आणि जंगलं गाडली गेली, वरून लाव्हा आला, त्याच्या आचेनं कोळसा झाला. जितका जुना तितका पक्का. राख निघते ती मिसळलेल्या मातीची.’

डायनासोरांचं लगेच मिटतं. उमरेड, कामठीचा कोळसा सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या पर्मियन काळातला. पहिले डायनासोर आले साधारण २३ कोटी वर्षांपूर्वी. त्यांची हाडं नागपूर परिसरात सापडतात खरी, पण लमेटाच्या, म्हणजे कोळशाहून खूप नंतरच्या, थरांत. प्रलयाचं म्हणाल तर दलदलीत पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा थर, वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर साचतं आणि मीटरभर कोळशाला कित्येक मीटर पीट लागतं. हिशेब ज्याचा त्यानं करावा.

लाव्हाची गोष्ट पटते, कारण सीताबर्डीची टेकडीच बेसाल्टची. पण कोळशाला किती आच लागली ते मोजता येतं. तुकडा घासून आरशासारखा करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातलं व्हिट्रिनाइट, म्हणजे लाकूड-सालींपासून झालेला करडा भाग, किती टक्के प्रकाश परावर्तित करतो ते पाहायचं. तापमानासोबत हा आकडा चढतो. कोळसा निवला तरी उतरत नाही. विदर्भात तो साधारण ०.४ ते ०.६ भरतो, अँथ्रासाइटमध्ये, म्हणजे सगळ्यात पक्क्या कोळशात, २ च्या वर. म्हणजे इथे लाव्हाची आच लागलीच नाही. थरांत घुसलेल्या तप्त शिलारसानं भाजलेला कोळसा पाहायचाच तर झारखंडच्या झरियातला झामा पाहा.

वयाचंही तसंच. मॉस्कोजवळचा कोळसा ३० कोटींहून जुना, तरी लिग्नाइटच, म्हणजे कच्चा तपकिरी कोळसाच, राहिला, कारण तो खोल गाडलाच गेला नाही. आसामचा तीनेक कोटी वर्षांचा, पण बिटुमिनस, म्हणजे त्याहून पक्का.

राहिली राख. उत्खननात दगड मिसळतो, ते मी नाकारत नाही. पण आपल्या कोळशात गाळ मुळातच कणाकणांत भिनलेला आहे, म्हणून धुऊनही पुरता जात नाही. ग्लोसोप्टेरिस या नामशेष झाडांच्या त्या दलदलीत नद्यांचं गढूळ पाणी सारखं शिरत होतं. गंधक कमी, कारण पाणी गोडं होतं. आसामच्या दलदलींना समुद्र लागला, तिथे गंधक जास्त. आणि मला सगळ्यात आवडतं ते कोळशातलंच इनर्टिनाइट. सूक्ष्मदर्शकाखाली पांढरं चमकतं, कधी पेशींच्या भिंतीही शाबूत दिसतात. पाणी ओसरून पीट उघडं पडलं, हवेनं कुजलं, कधी वणव्यात जळलं, त्याच्या या खुणा. कोराडीच्या वीजकेंद्राच्या भट्टीत जाण्याआधीच यातलं काही लाकूड एकदा पेटून गेलेलं असतं.